ओसाड नगरीचे कोडे

वाटेने जाताना एखादा पडका वाडा लागला, तर माणसाचे पाऊल तेथे क्षणभर तरी थबकते. कोसळलेला सोपा, निखळलेली तुळई, रिकामा देव्हारा, कोनाड्यातली दिव्याची काजळी हे सारे पाहून मनात पहिला प्रश्न येतो, "येथे कोण राहत होते?" आणि त्यापाठोपाठ दुसरा येतो, "ते गेले कोठे?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर गावातला एखादा म्हातारा देतो. दुसऱ्याची उत्तरे मात्र माणसागणिक निराळी असतात. कोणी पटकीच्या साथीचे नाव घेतो, कोणी भाऊबंदकीचे, तर कोणी आवाज खाली आणून शापाची गोष्ट सांगतो. पुरावा जेथे संपतो तेथे तर्क सुरू होतो. आणि तर्काला कल्पनेची साथ मिळाली, की ओसाड वाडाही पुन्हा नांदता होतो.

मनुष्यस्वभावाच्या या ओढीचे एक नवलाईचे उदाहरण आज संगणकावरील खेळांत पाहावयास मिळते. खेळ म्हटला म्हणजे हार आणि जीत, एवढेच सामान्यतः मनात येते. परंतु काही खेळ असे आहेत, की ते खेळणारी मुले आणि मोठी माणसेही हातातील तलवार बाजूस ठेवून पडक्या भिंती न्याहाळीत बसतात. अमेरिकेतील मेरिलँड राज्यातील बेथेस्डा या संस्थेने १९९४ साली 'द एल्डर स्क्रोल्स' नावाच्या मालिकेतील पहिला खेळ प्रसिद्ध केला. २००२ साली त्याच मालिकेत 'मॉरोविंड' आणि २०११ साली 'स्कायरिम' हे खेळ आले. हे सारे खेळ टॅम्रिएल नावाच्या एका काल्पनिक खंडात घडतात. त्या खंडाला स्वतःचा नकाशा आहे, कालगणना आहे, राजवंश आहेत, भाषा आहेत. तेथे पूजनीय देव आहेत, तसेच ज्यांचे नाव घेताना जीभ अडखळावी अशा अंधाऱ्या दैवी शक्तीही आहेत. आणि तेथे, डोंगरांच्या पोटात, ड्वेमर नावाच्या एका प्राचीन जमातीची ओसाड नगरे आहेत.

या नगरांचे दृश्य मोठे चमत्कारिक आहे. बर्फाने झाकलेल्या कड्यातील पितळेचे दार ढकलून आत जावे, तर भिंतींतून गेलेल्या नळांतून अजून वाफ फुसफुसत असते. दंतचक्रे फिरत असतात. दिवे जळत असतात. धातूचे यांत्रिक कोळी आणि पहारेकरी आपापली नेमलेली कामे निमूटपणे करीत असतात. मेजावर ताटल्या आहेत, शयनगृहांत दगडी मंचक आहेत. माणूस मात्र एकही नाही. घरधनी निघून गेला आणि चाकरांना ते कोणी सांगितलेच नाही, अशी त्या यंत्रांची अवस्था दिसते.

ड्वेमर कोण होते, याविषयी खेळात बरेच काही सांगितले आहे. ते देवांना मानीत नसत; गणित, ध्वनी आणि धातू यांवर त्यांचा विश्वास होता. त्यांच्या भूमीत 'लाल पर्वत' नावाचा ज्वालामुखी होता, आणि त्याच्या पोटात लोरखान नावाच्या मृत देवाचे हृदय त्यांना सापडले. त्यांचा प्रमुख शिल्पी कॅग्रेनॅक याने त्या हृदयाची शक्ती वापरण्यासाठी हातोडा, सुरी आणि हस्तत्राण अशी तीन अजब हत्यारे घडविली. शेजारच्या जमातीला हे देवनिंदेचे कृत्य वाटले. एके काळचे मित्र वैरी झाले आणि लाल पर्वतावर घनघोर युद्ध पेटले. ते युद्ध चालू असतानाच, एका क्षणी, टॅम्रिएलच्या कानाकोपऱ्यांतील समस्त ड्वेमर जमात नाहीशी झाली. रणांगणावरचे सैनिक गेले, तसे दूरच्या नगरांत आपल्या कामात गढलेले कारागीरही गेले.

ते कोठे गेले? खेळाच्या कर्त्यांनी या प्रश्नाचे निश्चित उत्तर दिलेले नाही. 'मॉरोविंड'मध्ये एका मांत्रिक संघाचा आढ्यताखोर प्रमुख खेळणाऱ्याला अगदी सहज हुकूम सोडतो, की ड्वेमरांचे काय झाले ते शोधून काढ! पाटावरचा तांब्या आणून दे म्हणावे, तितक्या सहजतेने तो हे सांगतो. बिचारा खेळणारा मग खेड्यापाड्यांतून आणि भग्न नगरांतून ग्रंथ गोळा करीत हिंडतो. त्याच्या हाती कॅग्रेनॅकच्या योजनेविषयीचे दोन ग्रंथ लागतात. पण ते ड्वेमर भाषेत, आणि ती भाषा वाचणारे कोणी जवळपास उरलेले नाही. पुढे दोन भाषांत लिहिलेले एक तिसरे पुस्तक सापडते. त्यातील एक भाषा पंडितांना अवगत असल्याने दुसरीचा काही उलगडा होऊ शकतो. हे वाचताना इजिप्तमधील रोझेटा शिळेची आठवण झाल्यावाचून राहत नाही. १७९९ साली सापडलेल्या त्या शिळेवर एकच राजाज्ञा ग्रीक भाषेत आणि प्राचीन इजिप्ती लिप्यांत कोरलेली होती. तिच्या आधारे फ्रेंच पंडित शांपोल्यों याने १८२२ साली इजिप्तच्या चित्रलिपीचे कोडे सोडविले. खेळातील ग्रंथ मात्र वाचले, तरी शेवटचा पडदा उठत नाही.

परंतु या खेळाची खरी गंमत पुढेच आहे. त्याच्या लेखकांनी इतिहास सांगण्याऐवजी साक्षीदार उभे केले, आणि साक्षीदारांना एकमेकांशी भांडावयास लावले. लाल पर्वतावर काय घडले, याची एक हकीकत व्हिव्हेक सांगतो. तो म्हणतो, की कॅग्रेनॅकने आपली हत्यारे त्या हृदयावर चालविली आणि तत्क्षणी सारे ड्वेमर अदृश्य झाले. आणि विजयी सेनापती नेरेव्हार पुढे युद्धातील जखमांनी वारला. दुसरी हकीकत माळरानात तंबू ठोकून राहणाऱ्या भटक्या जमातींनी जतन केली आहे. नेरेव्हारच्या ढाल वाहणाऱ्या सेवकापासून ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, असे ते मानतात. तिच्यानुसार अझुरा नावाच्या देवतेने नेरेव्हारला त्या हत्यारांचा उपयोग शिकविला, त्याने ड्वेमरांची शक्ती हिरावून घेतली आणि ते जागच्या जागी धूळ होऊन गेले. नेरेव्हार जखमांनी मेला नाही. व्हिव्हेकने आणि त्याच्या दोघा साथीदारांनी विषप्रयोगाने त्याचा घात केला, आणि त्या हृदयापासून स्वतः देवत्व मिळविले. त्या पापाबद्दल अझुराने साऱ्या जमातीला शाप दिला. त्यांची सोनेरी कांती राखेसारखी झाली आणि डोळे अंगारासारखे लाल झाले.

आता खरे कोणाचे मानावे? व्हिव्हेक त्या युद्धात स्वतः होता, म्हणून त्याची साक्ष मोलाची. पण ज्याच्यावर खुनाचा आरोप आहे, त्यानेच दिलेली ती साक्ष आहे. भटक्या लोकांना खोटे बोलून राज्य मिळावयाचे नव्हते. पण व्हिव्हेकच्या पंथाने त्यांना धर्मबाह्य ठरविले होते, तेव्हा त्यांच्या मनात राग असणार, हेही उघड आहे. शिवाय त्यांची हकीकत तोंडी परंपरेने आलेली. बखर आणि अस्सल पत्र यांत भेद करावा लागतो, हे मराठी वाचकाला इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ सालापासून खंडामागून खंड प्रसिद्ध करून शिकविले. टॅम्रिएलच्या रसिकांना तोच धडा एका खेळाने दिला. हे कोणी लिहिले? केव्हा लिहिले? लिहिणाऱ्याचा त्यात लाभ कोणता? हे तीन प्रश्न विचारल्यावाचून त्यांच्यातील जाणता माणूस कोणतीही हकीकत स्वीकारीत नाही.

तरीसुद्धा तर्काला आवर कोण घालणार? काही रसिक म्हणतात, की ड्वेमरांनी एक प्रचंड पितळी देव घडविला होता, आणि त्या एका क्षणी त्या सर्वांचे प्राण त्याच्या धातूच्या कातडीत विलीन झाले. काही म्हणतात, ते दुसऱ्या एखाद्या लोकात जाऊन वसले. काहींच्या मते, हे जग म्हणजे एक स्वप्न आहे असे ओळखताच ते स्वप्नातून पुसले गेले. यावर प्रतिपक्ष विचारतो, "मग त्यांच्या नगरांत ड्वेमरांची भुते का फिरतात?" त्याला उत्तर मिळते, "ती भुते त्या क्षणापूर्वी मेलेल्यांची." असा वाद वर्षानुवर्षे चालला आहे. मायकेल कर्कब्राइड या लेखकाने संस्था सोडल्यानंतर लिहिलेले या विश्वासंबंधीचे मजकूर प्रमाण मानावेत की नाहीत, याविषयीही दोन तट आहेत. शास्त्रीबुवांच्या सभेत 'शब्दप्रमाण' या विषयावर जो काथ्याकूट होत असे, त्याच्याहून हा वाद फारसा निराळा नाही.

या साऱ्या कोलाहलात एक पात्र मात्र मूक व्यथेसारखे उभे आहे. त्याचे नाव यॅग्रम बॅगार्न. हा शेवटचा ड्वेमर होय. एका मांत्रिकाच्या मनोऱ्याखालील तळघरात, असाध्य रोग्यांच्या सोबतीने, तो दिवस कंठीत असतो. रोगाने त्याचे शरीर इतके सुजले आहे, की यांत्रिक कोळ्याच्या पायांवर बसूनच त्याला हालचाल करता येते. हा कोणी सामान्य ड्वेमर नव्हता. कॅग्रेनॅकच्या हाताखाली काम केलेला निष्णात कारागीर होता. तो क्षण आला तेव्हा तो दुसऱ्या एका लोकात गेलेला होता. परत येऊन पाहतो तो घरे आहेत, यंत्रे आहेत, माणसे नाहीत. वर्षानुवर्षे तो एका ओसाड नगरातून दुसऱ्या नगरात हिंडला. कोणी सापडावा, निदान कारण तरी सापडावे, म्हणून. त्याला दोन्हीही सापडले नाही; सापडला तो केवळ रोग. खेळणारा मोठ्या आशेने त्याच्यापुढे जाऊन उभा राहतो. आता याच्या मुखातून रहस्य बाहेर पडणार! आणि तो वृद्ध आपले अनुमान सांगतो, पण खात्रीने काही सांगता येत नाही, हेही प्रांजळपणे सांगतो. ज्याचे सर्वस्व त्या प्रश्नात बुडाले, तोच इतक्या जपून बोलतो. आणि ज्यांचे काहीच गेले नाही, ते छातीठोकपणे उत्तरे देतात!

जिज्ञासेला ही मर्यादा राहिली नाही म्हणजे काय होते, हेही या मालिकेत दाखविले आहे. हर्मीअस मोरा ही तेथील अंधाऱ्या शक्तींपैकी एक. असंख्य डोळे आणि वळवळणारे बाहू असे तिचे रूप असून गुप्त ज्ञान हे तिचे क्षेत्र आहे. 'स्कायरिम'मध्ये सेप्टिमस सिग्नस नावाचा एक विद्वान उत्तरेकडील समुद्रात, हिमखंडाच्या पोकळीत, एका ड्वेमर पेटीपुढे वर्षे घालवितो. आत त्या मृत देवाचे हृदय असणार, अशी त्याची खात्री आहे. ती पेटी ड्वेमर रक्तावाचून उघडत नाही, आणि ड्वेमर तर उरलेले नाहीत. तेव्हा त्यांच्या पाच सगोत्र जमातींच्या रक्ताचे मिश्रण करून तो ती उघडतो. आत हृदय नसतेच. एक ग्रंथ असतो. तो ग्रंथ दिसताच त्या विद्वानाची राख होते. गुप्त ज्ञानाच्या त्या देवतेला पेटी उघडणारा हात हवा होता. हाताचा मालक नको होता.

असे भयंकर आणि मानवाविषयी उदासीन देव आधुनिक कथेत रूढ करणाऱ्यांत अमेरिकन लेखक एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) याचे नाव प्रथम घ्यावे लागते. 'कथुलू' या समुद्रतळाशी निद्रिस्त असलेल्या प्राचीन शक्तीची त्याची कथा १९२८ साली प्रसिद्ध झाली. आपल्या कथांत तो 'नेक्रोनॉमिकॉन' नावाच्या एका जुन्या ग्रंथाचे दाखले देई. हा ग्रंथ त्याने स्वतः कल्पिलेला होता, आणि कोणी विचारल्यास तो तसे स्पष्ट सांगतही असे. तरीही कित्येक वाचकांना तो खराच वाटला. आणि लेखकाच्या मृत्यूनंतर १९७७ साली त्याच नावाचे, प्राचीन म्हणविणारे एक पुस्तक बाजारातही आले. गोष्ट आणि वस्तुस्थिती यांमधली भिंत इतकी पातळ असते.

ही भिंत का जपावी, हे समजण्यासाठी ड्वेमरांच्या शेजाऱ्यांकडे पाहिले पाहिजे. 'स्कायरिम'मधील भुयारांत फाल्मर नावाचे आंधळे, क्रूर जीव राहतात. खेळणारा त्यांना राक्षस समजून मारीत सुटतो. पुढे कधीतरी एखादा जुना ग्रंथ त्याच्या हाती लागतो, आणि त्याला कळते, की हे एके काळी सुसंस्कृत लोक होते. आक्रमकांनी त्यांची भूमी हिरावून घेतली, तेव्हा ते ड्वेमरांच्या आश्रयाला गेले. ड्वेमरांनी आश्रय दिला. पण किंमत म्हणून विषारी बुरशी खाऊ घालून त्यांची दृष्टी नष्ट केली आणि त्यांना गुलाम केले. २०१२ साली निघालेल्या एका पुरवणी भागात त्या वंशातील एक डोळस पुरुष भेटतो. तो आपल्या या बांधवांना राक्षस म्हणत नाही, 'विश्वासघात झालेले' म्हणतो. ज्या ड्वेमरांच्या वियोगाने रसिक हळहळत होते, त्यांच्या दिव्यांखाली केवढा अंधार होता, हे त्या एका शब्दाने उघड होते. त्यानंतर पुष्कळांचा हात तलवारीकडे जाताना पूर्वीइतका सहज जात नसेल.

लुप्त जमातींविषयीचे तर्क खेळात निरुपद्रवी असतात. पण प्रत्यक्ष जगात त्यांनी माणसांच्या जमिनी गिळल्या आहेत. ज्या अमेरिकेत हा खेळ जन्मला, तेथेच ओहायो आणि मिसिसिपी या नद्यांच्या खोऱ्यांत मातीचे हजारो प्राचीन उंचवटे आहेत. सेंट लुईस शहराजवळ कहोकिया येथील सर्वांत मोठा उंचवटा सुमारे ३० मीटर उंच आहे. हे काम कोणाचे? एकोणिसाव्या शतकातील अनेक गोऱ्या वसाहतकऱ्यांनी ठरवून टाकले, की हे तेथील मूलनिवासी लोकांच्या पूर्वजांचे काम असणे शक्य नाही. पूर्वी येथे कोणी थोर जमात नांदत होती, आणि या रानटी लोकांनी तिचा नाश केला, अशी गोष्ट रचली गेली. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी १८३० साली काँग्रेसपुढे मूलनिवासींच्या स्थलांतराचे समर्थन करताना याच लुप्त जमातीचा दाखला दिला. त्याच वर्षी कायदा झाला होता, आणि त्यानुसार सहस्रावधी कुटुंबांना आपली भूमी सोडून पश्चिमेकडे जावे लागले. पुढे सायरस थॉमस यांनी शेकडो उंचवट्यांचे पुरावे तपासले आणि १८९४ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. ती लुप्त जमात कधी अस्तित्वातच नव्हती. उंचवटे बांधणारे ते मूलनिवासींचेच पूर्वज होते, हे त्यांनी दाखविले. परंतु तोवर दोन पिढ्या उलटून गेल्या होत्या. ज्यांना घालवून दिले त्यांना अहवालाने घरे परत मिळाली नाहीत.

एवढ्यावरून कल्पना वाईट असे म्हणणे म्हणजे दिव्याने बोट भाजले म्हणून घर अंधारात ठेवणे होय. रोझेटा शिळेपुढे बसलेल्या पंडितानेही प्रथम तर्कच केला होता. परंतु त्या तर्काला शिळेवरील प्रत्येक अक्षराची कसोटी लावली. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरील लिपी अद्याप सर्वमान्यपणे वाचली गेलेली नाही. ती वाचणाऱ्या एखाद्या भावी संशोधकाच्या जिज्ञासेचा प्रारंभ खेळातल्या पितळी दारापाशी झाला, तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही. त्याने तर्क अवश्य करावेत. मात्र आपला तर्क कोणाचे श्रेय आणि कोणाची भूमी हिरावून घेत नाही ना, हेही पाहावे.

आणि पुराव्याची वाट जेथे संपेल, तेथे त्याने त्या तळघरातील वृद्ध कारागिराचे स्मरण करावे. त्याने आयुष्यभर शोध केला, आपल्याला काय वाटते ते सांगितले, आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणून सांगितले. ओसाड नगरीतून फिरून आलेल्या माणसापाशी याहून अधिक विश्वासार्ह शब्द असू शकत नाही.